कमरेवर भरली कळशी

हॅलो?... हॅलो, कोन?... केशर? अवं, इतक्या सकाळी?... नाई वं, झोपली कुठं, मी तं रस्त्यावर हाये. मेडशीची पांदन, आमच्या तुरीपाशी... एकटी नाई, आठ जनी हावोत. बाकीच्या मोरं गेल्या. धुकं असं पडलं का मोरची बाई दिसत नाही, नुसते जोडव्याचे आवाज येऊन राह्यले... वावरात नाई वं, फिराले. नुसतंच फिराले!

हास, हास. म्याबी हासली होती पहिले.

झालं हासून? आता सांग, काहून केला फोन?... किती? साखर दोनशे नव्वद? उपाशीपोटी?... शिबिरात तपासली? अन् काल दिवसभर काईच बोलली नाई मले!... नाई, रागावली नाई... रागावली नाई म्हनलं ना. थांब, दम खाऊ दे जरा.

बरं. गोळी देल्ली का डॉक्टरनं?... घेतली?... ‘घेईन’ नको म्हनू, आजपासून घे. अन् सोडाची नाई. पायाले मुंग्या येतेत?... दोन्हीले?... केशर, मायचं असंच चालू झालं होतं. मुंग्या येतेत, मुंग्या येतेत म्हने, अन् आपन दोघी तेल चोळत बसलो. मंग अंगठा काळा पडला, मंग पायच कापला... रडू नको. तुले घाबरवाले नाई सांगत मी. मलेच भेव लागलं म्हनून सांगून राह्यली. मायनंतर मले तूच एक हाये वं.

हो, हो... अवं ऐक ना. आमच्या अथी राखी हाये, आशाताई... हो, तीच, सायकलवाली. दर बुधवारी ते बायायले अंगनवाडीत बोलावते. घरी जे खाल्लं तेच ताट घेऊन याचं, सजवून नाई आनाचं. पहिल्या बुधवारी समद्यायच्या ताटात काय? पांढरा भात, पातळ वरन, अन् वरून गोड चहा! राखी म्हने, मावशी, तुमच्या मायच्या ताटात काय राहे ते आठवा. मंग काय, बसल्या बाया आठवत. एक म्हने आंबाडीची भाजी, एक म्हने तरोटा. मी म्हनलं जवसाची चटनी अन् जवारीची भाकर... हो, हो! चिवळीची भाजी! अवं मी तं विसरलीच होती. पावसाळ्यात माय पदरात खुडून आने. सांगते राखीले.

काय?... ‘वावरात राबतोच, अजून फिराचं कायले’? तेच म्हनलं होतं म्या. तं राखीनं इचारलं, मावशी, निंदाले कवा गेल्त्या? मले आठवेचना! तन फवारनीनं मरते, सोयाबीन मशीन काढते. राबतो राबतो म्हनतो अन् दुपारभर खाटेवर पडून टीवी पाहतो.

पहिल्या दिवसाची गम्मत सांगू?... रिकाम्या हातानं बाई सडकेनं चालली तं लोक काय म्हनतीन? म्हनून एकीनं विळा घेतला, एकीनं टोपलं. म्या खांद्यावर दोर घेतला, बकरी सुटल्यावानी... बकरी कुठं हाये माह्याकडं! पंधरा दिवस त्या बिनबकरीचा दोर घेऊन फिरली मी. रोज कोनीतरी इचारे, सापडली का वं चतुराबाई? मी म्हनो, नाई बा, उद्या पाहीन.

आता नाई घेत काईच. अन् खरं सांगू केशर, ह्या वेळेले पाय आपले वाटतच नाईत. डोक्यावर भारा नाई, मांगून कोनी आवाज देत नाई. तुरीच्या शेंगायवर दव. सारं गाव कापसात गुंडाळून ठेवल्यावानी. अन् मंग धुक्यात मोरं कोनीतरी चालून राह्यलं असं वाटते... हिरवं लुगडं. दोन्ही पाय चांगले... माय वं, दुसरं कोन? मी हाक नाई मारत. हाक मारली तं जाईन ते. नुसती मांगं मांगं चालते... म्हन, येडी म्हन.

काय?... तुलेबी दिसते? सपनात? काय म्हनते?... काईच नाई, नुसती दारात उभी राह्यते?... मंग तुले भाईर बोलावत असन ते. चाल ना, केशर. आत्ताच चाल... काहून नाई?... कोन पाहते? पाहू दे... केशर? काय झालं? मले नाई सांगशीन तं कोनाले सांगशीन?

... ...

तुमच्या गावच्या रामसिंगनं? फटफटी वळवून घरी नेली, तुले पाहून?... ‘हिचं तोंड पाह्यलं, आता काम होत नाही’? असं म्हनला?... तुह्या विकासचे बाबा वारून पंधरा दिवस झाले तवा? अन् तू तवापासून सकाळी भाईर निंघालीच नाई? सव्वा वरीस?

थांब, थांब... म्हनून! तुह्या धनजची रेंज मले तोंडपाठ हाये. नाल्याचा पूल वलांडला का फोन मुका. पहिले कवाबी लावला तं लागे नाई, तू पुलापल्याड वावरात. अन् आता कवाबी लावा, पहिल्या रिंगले उचलते. मी आपली खुश, बहीन मोकळी भेटते म्हनून! काय बाई मी तरी. तवाच समजाले पाह्यजे होतं.

त्या रामसिंगच्या तं... जाऊ दे. सकाळी सकाळी तोंड खराब कायले करू.

ऐक माहं. मायची पितळी कळशी हाये ना तुह्याकडं? भर ते... अवं, भरली कळशी समोर आली तं शकून असते का नाई? मंग! तुहं तोंड कोन पाहते, कळशी पाहतीन... मी नाई मानत ते. पन तुह्या पायाले आधार तं होईन. मी दोर घेतला, तू कळशी घे... काठोकाठ नको भरू, कंबर धरीन... फोन? कानावरून रुमाल बांध, त्यात खोस. कापूस वेचाले जातानी बाया खोसतेत तसा.

... बांधला? येते आवाज?... चपला घाल! साखरवाल्यानं अनवानी चालाचं नाई... हं. कडी वाजली. ऐकली म्या.

तुह्या इकडंबी धुकं हाये?... दाट? मंग काय, हे एकच धुकं असन, धनजपासून मेडशीपर्यंत. आपन शाळेत जावो तशाच चाललो. मी मोरं, तू मांगं, नाक पुसत... बोलू नको, दम लागन. चाल नुसती. तुह्या कळशीतलं पानी डुचमळून राह्यलं, मले इथं ऐकू येते...

काहून थांबली?... कोन येऊन राह्यलं?... रामसिंगची फटफटी? पक्कं?... घरी नको वळू. केशर, पाया पडते तुह्या, आज नको वळू. खाली नको पाहू. चाल.

... ...

हं?... गेला? सरळ गेला?... काई बोलला?... नको बोलू दे. त्याच्या बोलन्याची गरज कोनाले हाये!

अवं, हा कायचा आवाज?... वतून देल्लं? सगळं?... तुरीत? काहून वं?... जड होत होतं. बरं. अन् कळशी?... बाभळीले अडकवली! मायची कळशी, चोरून नेईन ना कोनी!... काय म्हनली?... माय उभी हाये तथी? बरं बाई, मंग राहू दे, पाहीन ते.

म्हन्जे रिकाम्या हातानं चालली तू?... हलवून राह्यली हात? दोन्ही?... हासू नको, मले रडू येते... नाई, चांगलं रडू.

आता कुठं आली?... उतार लागला? हळू. घसरते तथी... उजाडून राह्यलं? इकडंबी. तुरीचे शेंडे दिसाले लागले... केशर, उद्याबी निंघशीन ना? गोळी खाऊन, भाकर खाऊन... हॅलो?... हॅलो, केशर?... हॅलो...

राखी! अवं राखी, थांब ना!... माह्या बहिनीचा फोन कटला... रेंज माही नाई गेली वं, तिची गेली. नाला वलांडला तिनं!