आक्काच्या माथी मारलेला वास

माझं नाव रशीदा. माहेर कळंबचं, इंदापूर तालुक्यातलं, आन् सासर हितं बारामतीत. आमचे अब्बा पिंजारी, गाद्या भरायचं काम, कापूस पिंजायचा, गाद्या, उशा, लेपं शिवून द्यायच्या. आमी सहा भावंडं, त्यात मी चवथी, शाळा सातवीपतोर केली आन् मंग कापसातच बसली. त्या कामात काय शिकली म्हणाल तर वल वळखायला शिकली. कापसात जरा वल ऱ्हायली की आठ दिसात गादी कुबट मारती, मंग तुमी अत्तर शिंपडा, ऊद जाळा, काय बी करा, तो वास हालत न्हाय. गादी उसवावीच लागती. गिऱ्हाईक म्हणायचं वरनं ऊन दावा की चाचा, उसवता कशाला, आन् अब्बा म्हणायचे रोग पोटात हाय, अंगाला औषध लावून काय करू.

मंग लगीन झालं. आमच्या मालकांचं कुशनचं दुकान, इंदापूर रस्त्याला, जीपच्या शिटा, रिक्षाच्या शिटा, ट्रॅक्टरची गादी, समदं शिवायचे. हात लई साफ त्यांचा. पर एकदा टेम्पोची शीट एकट्यानं उचलाया गेले आन् मणका सरकला, मशीनवर बसायचं बंद झालं. आता खुर्चीत बसून कातरकाम करत्यात. मंग मशीनवर मी बसली, आन् गाडीतनं शिटा काढायचं बी मीच कराया लागली. तवा लोकांनी काय कमी बोलून घेतलं व्हय? काय सांगू तुमाला. गाडी घेऊन यायचे, मला पाना हातात घेतलेली बघायचे आन् मालकांना इचारायचे, सलीमभाई, माणूस कुठं हाय कामाचा? मी समोर उभी, पाना माझ्या हातात, आन् इचारायचं त्यांना. मालक म्हणायचे, हे काय, तुमच्या म्होरं उभं हाय की.

वास काढायचं काम तसं आपसूक आलं. हितं दुधाचा धंदा मोठा, कुणाचं ना कुणाचं क्यान गाडीत सांडतंच. एकदा सांडलं की चार दिसात गाडीत बसवत न्हाय. मी शिटा काढायची, खालचं कार्पेट उचलायची, त्याच्या खाली जाड फोम असतो त्यो काढून धुवायची, कडक ऊन द्यायची, पत्रा पुसून कोरडा करायची, मंग परत बसवायची. तीन दीस लागत्यात. लोकांना तीन दीस थांबायचं नसतं, त्यांना आरशाला सुगंधी पुडी टांगायची असती. टांगा म्हणलं, खाली कुजू द्या आन् वर पुडी टांगा.

तर मी सांगत व्हती आक्काचं. दोन वर्सं झाली असतील. सकाळच्या पारी एक पांढरी उंच गाडी दुकानाम्होरं थांबली, वरीस बी न झालेली, काचंला अजून प्लॅस्टिक. उतरले हणमंतराव. सांगवीकडचे, विहिरी खोदायचं काम घेत्यात, माणूस कष्टाचा, अंगावर पांढरी कापडं. दार उघडलं आन् बाई बाई बाई, आतनं जो वास आला! गुलाबाचं अत्तर, उदबत्ती, डांबरगोळ्या, वर लिंबं कापून ठेवलेली पुढच्या फळीवर, आन् त्या समद्याच्या खाली कुबट, वल्या पोत्याचा वास. मी म्हणलं, ह्ये काय केलंय हो?

ते म्हणले, भाभी, ह्यो वास घालवा. आमच्या म्हातारीचा हाय.

मला आधी कळलंच न्हाय. म्हणलं कुणाचा? म्हणले आईचा, आक्काचा. आमी जातीनं धनगर, आता मेंढरं न्हाईत, शेती हाय, पर म्हातारीनं जलमभर मेंढरामागं घाट उतरून कोकण केलं, तिचं घोंगडं सुटत न्हाय. दवाखान्यात न्यायची म्हणजे घोंगडं संगं, गुडघ्याला तेल चोपडलेलं, त्या वासानं गाडी भरलीय. मंडळी म्हणती मी बसायची न्हाय त्या गाडीत.

मी इचारलं, आक्का गाडीत नसती तवा बी येतो का वास? म्हणले येतो की, भिनलाय आता. एसी लावला की तर लईच. आन् आक्का शेवटची कवा बसली व्हती? म्हणले झालं की चार म्हैनं. आता तिला मी यष्टीनंच पाठवतो दवाखान्यात, पंचाहत्तरीच्या वर हाय, तिला यष्टी फुकट हाय.

बघा, कसं सांगितलं! फुकट हाय! जणू लई मोठी सोय केली. गाडी दारात, आन् आई यष्टीच्या फलाटावर, गुडघं धरून, सांगवीपासनं बारामतीपतोर. माझं डोस्कं तवाच तापलं. पर मालकांनी डोळ्यानं खुणावलं, काम बघ आधी. म्हणून मी गप बसली. म्हणलं ठेवा गाडी, चावी द्या, बघती.

ते गेले. मी डाव्या बाजूची शीट काढली आन् कार्पेट उचललं तर खाली नुस्तं पाणी. फोम पिळला तर बादलीभर निघालं. काळं, बुरशी धरलेलं. एसीचं पाणी भायेर जायला खालनं एक नळी असती, त्यो वास तिथूनच. गाडी लावत असतील चिंचंखाली, पालापाचोळा आन् रस्त्याची धूळ जाऊन ती नळी चोंदलेली. पाणी बाहीर जायचं सोडून आत उतरत व्हतं, कार्पेटाखाली, म्हैनोनम्हैनं. म्हणून तर एसी लावला की वास. मी तार घातली नळीत, तसा चिखलाचा गोळा निघाला आन् मागनं भडाभडा पाणी.

एवढंच व्हतं. एका नळीत कचरा. आन् तेवढ्यापायी एका म्हातारीला घराभायेर काढल्यासारखी वागवली. मी मालकांना म्हणलं, बघा, बघा ह्ये, आईचा वास म्हणं! मालक म्हणले वरडू नगंस, फोन कर त्याला.

संध्याकाळी हणमंतराव आले. मी फोम दावला, नळी दावली, चिखल दावला. म्हणलं ह्यो बघा तुमच्या आईचा वास. मंग काय म्हणावं माणसानं? म्हणले, असंल ह्ये बी, पर घोंगड्याचा बी व्हताच की थोडा.

मंग मात्र मी ऐकलं न्हाय. म्हणलं हणमंतराव, गाडी तीन दिसानं व्हईल. पर चावी तुमच्या हातात द्यायची न्हाय मी. आक्काला घेऊन या, तिच्या हातात देती. ते चिडले, माझी गाडी, माझी चावी, तुमी कोण अडवणार? मालकांकडं वळले, सलीमभाई, समजवा की बाईला. मालक कातर खाली ठेवून म्हणले, तीस वर्सं झाली, मला तर जमलं न्हाय, तुमाला जमलं तर बघा. हणमंतराव मोटारसायकलवर बसून गेले तरातरा.

मला रात्रभर वाटत ऱ्हायलं, चुकलं का आपलं? गिऱ्हाईकाच्या घरात तोंड घालायचं आपल्याला काय कारण? पर दुसऱ्या दिशी धाच्या सुमाराला दुकानाच्या पायरीवर एक म्हातारी येऊन बसली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात काठी, घामाघूम झालेली. म्हणली, गाडी धुती ती बाई तूच का? मी म्हणलं व्हय. तर हात जोडले तिनं! माझ्याम्होरं, माझ्या आईच्या वयाच्या बाईनं. म्हणली, पोरी, माझ्या लेकाची चावी दे. त्यो म्हणला तुझ्यापायी गाडी अडली, तूच जाऊन सोडव. मी घोंगडं ठेवून दिलंय गं. तेल बी लावत न्हाय. दिसातनं दोन बारीला शिकेकाईनं न्हाती. आता त्याच्या गाडीत बसायची न्हाय म्हणून सांग त्याला, पर चावी दे.

आता सांगा. म्हंजी मी आक्काच्या बाजूनं भांडाया गेली आन् ते बी तिच्याच डोस्क्यावर पडलं. यष्टीनं धाडली तिला, उभ्यानं आली व्हती. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पर तिच्याम्होरं कसं चिडायचं?

मी तिला पाणी दिलं, हाताला धरून मागल्या अंगणात नेलं. तितं फोम उन्हात टाकलेला, अजून मधनं वला व्हता. तिचा हात धरला आन् त्या फोमवर दाबला. पाणी आलं बोटाभवती. म्हणलं घ्या वास. तिनं हात नाकाशी नेला. म्हणलं, ह्यो वास गाडीचा हाय आक्का, एसीच्या पाण्याचा, नळी चोंदली व्हती. तुमचा न्हाय, घोंगड्याचा न्हाय.

तिनं बोटं एकमेकांवर घासली. परत हात नाकाशी नेला. मंग हळूच म्हणली, म्हंजी, मी न्हवं?

म्हणलं न्हाय आक्का. तुमी न्हवं.

मला वाटलं आता रडंल. रडली न्हाय. म्हणली, कुणाला बोलू नगंस पोरी, हणमंताला वाईट वाटंल. काय म्हणावं ह्याला! मी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात हणमंतराव आले, चावी मिळाली का बघाया. मोटारसायकलवर आले, ध्यानात घ्या, जागा व्हती मागं, आन् आईला यष्टीनं! मी तोंड उघडणारच व्हती, पर आक्का उठली. काठी टेकत त्याच्याजवळ गेली आन् तोच वला हात त्याच्या नाकाम्होरं धरला. म्हणली, हणमंता, घे वास. ह्यो माझा हाय का?

त्यानं वास घेतला. मान खाली. मंग मागल्या पायरीवर बसला मोठ्ठा गडी, आन् म्हणाला, शाळंत असताना पोरं माझ्याशेजारी बसायची न्हाईत, मेंढराचा वास येतो म्हणायची, नाक दाबायची. गाडीत वास आला की मला तेच आठवायचं. वाटायचं, अजून सुटला न्हाय का ह्यो वास आपल्याला.

ऐकून मला बी वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. त्या पोरांचं बी मुस्काट फोडावं वाटलं. पर मी म्हणलंच, हणमंतराव, नाक दाबलं त्या पोरांनी आन् सूड आईवर व्हय? तिनं तुमाला त्याच घोंगड्यात गुंडाळून घाट चढवला असंल की. तर ते उठले, आईला म्हणले चल, मागं बस, घरी जाऊ. आक्का म्हणली न्हाय, माझी यष्टी हाय, आन् फुकट हाय. आन् गेली. मी मनात म्हणलं, वा गं आक्का.

तिसऱ्या दिशी गाडी तयार झाली. हणमंतराव आक्काला घेऊनच आले, मी चावी तिच्या हातात ठेवली. पुढच्या शिटावर बसवली तिला त्यांनी, पट्टा बी लावून दिला सवता. काचा खाली करून गेले.

आता आक्का दर म्हैन्याला दवाखान्यात येती ती गाडीनंच येती. हणमंतराव बाहीर गाडीत बसत्यात, आन् ती माझ्याकडं येऊन टेकती घटकाभर. सुपारी कातरती, कोकणातलं सांगती, मालकांशी तर लई गप्पा. समदं गोड झालं असं वाटंल तुमाला. पर तसं न्हाय. घोंगडं तिनं परत काढलंच न्हाय पेटीतनं. थंडीत शाल घेऊन येती, कुडकुडती. आन् दर बारीला, गाडीत बसायच्या आधी, मला बाजूला घेती, लेक बघत न्हाय ना म्हणून मागं वळून बघती, आन् पदर माझ्याम्होरं करती. म्हणती, रशीदा, जरा बघ गं, काय येतोय का?

गाडीचा वास मी तीन दिसात काढला. तिच्या मनात ह्या लोकांनी जे भरलंय ते कसं काढू, सांगा. राग येतो मला अजून, लई राग येतो. पर ती पदर धरून उभी असती, तवा राग कुणावर काढायचा? मी वाकती, पदराचा वास घेती, म्हणती आक्का, काय बी न्हाय. ती म्हणती, खरं? मी म्हणती, खरं, अल्लाची शपथ. मंग ती माझ्या तोंडावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडती, देव तुझं भलं करो म्हणती, आन् गाडीत जाऊन बसती.