लॉगबुकातली नोंद

कुणी साहेब ‘तू मला मुलीसारखी’ म्हणाला की मी आधी दार कुठंय ते बघते. अंबरनाथच्या ज्या केमिकल कंपनीत मी लॅबमध्ये आहे, तिथले मॅनेजर रोज माझ्या टेबलाला टेकून तेच म्हणायचे. वर, ‘केस मोकळे सोडत जा, छान दिसतेस.’

शिफ्टमध्ये जे घडेल ते वेळेसकट लॉगबुकात लिहायचं, हा नियम त्यांचाच. मी लिहीत गेले.

आठवड्याने म्हणाले, ‘हल्ली गप्प असतेस. मनात काय चाललंय?’

मी लॉगबुक पुढे सरकवलं. पानं उलटता उलटता त्यांचा आवाज बारीक झाला. ‘हे कुणी कुणी वाचलंय?’

म्हटलं, ‘वाचलं कुणी ते माहीत नाही, सर. खाली सही रोज तुमचीच आहे.’