खाडीची कोळंबी

“कोळंबी घ्या गो, खाडीची कोळंबी, अजून उडी मारतेय.” लहानपणी ही हाक आमच्या डोंबिवलीच्या आळीत सकाळ घेऊन यायची. परवा कल्याणच्या एसटी स्टँडवर तोच आवाज रांगेत माझ्या पुढे उभा होता, जरा पिकलेला. शेजारी खाडीकाठची एक शेतकरीण होती.

“आवडाबाई, उद्या कोळंबी जास्त आण. शेतकी खात्याचे साहेब जेवायला येतायत.”

“का गो?”

“आमच्या ह्यांना बक्षीस मिळालं. तालुक्यात सगळ्यात हिरवं शेत आमचं.”

“युरिया किती टाकला?”

“साहेब म्हणाले एक गोणी, ह्यांनी टाकल्या तीन. सरकार स्वस्त देतंय, तर हात कशाला आखडायचा?”

“आणि पाऊस पडला की?”

“जास्तीचा जातो वाहून खाडीत. तुझ्या मासळीला खुराक.”

“लागला खुराक. खाडीपण हिरवीगार झालीय, भागीरथीवहिनी. शेवाळातनं होडी सरकत नाय. तिलाही बक्षीस द्यायला सांग साहेबाला.”

“बक्षीस काय दिलं, माहितीये?”

“काय?”

“आणखी दोन गोण्या युरिया. पण कोळंबी विसरू नको. साहेब म्हणतात, बर्फातल्या कोळंबीला खाडीची चव नाही.”

आवडाबाईने टोपलीवरचं फडकं सारखं केलं.

“वहिनी, तू भात देतेस, मी कोळंबी देते. सासूच्या वेळेपासनं चालत आलंय.”

“मग?”

“दोन वर्षं ती कोळंबी मी इथल्या बाजारातनं आणते, बर्फातली. खाडीत काय उरलं नाय. तू बांधावरनं बघतेस, म्हणून नवरा जाळं टाकतो.”