बोलायला मीच शिकवलं

माझं माहेर वसमतकडलं, सासर इकडं डोंगरकड्याच्या बाजूला, आणि याच्या पल्याड मी दुनिया पाहिली न्हाई. चौथी शिकले. चौथीत मास्तरनं इचारलं, मोठी होऊन काय करणार, मी म्हणलं तुमच्यासारखी खुर्चीवर बसणार, तर त्यानं छडी मारली. घरी बापाला सांगितलं. बाप म्हणला, मारलं तर मारलं, बोललीस ते बराबर बोललीस. माहेरातून तेवढंच एक घेऊन आले.

नवरा लवकर गेला. माणूस वाईट न्हवता, दारू प्याला आणि मेला, त्यात सांगण्यासारखं काही न्हाई. मंग मी आणि एकच पोरगं. त्याचं नाव तुमी लिहू नका ताई, तो ज्या देशात हाय त्याचंबी लिहू नका, आखातात हाय एवढंच लिहा. माझं लिहा, गयाबाई. मला कोण कुठून हाकलणार हाय.

तर पोरगं लहानपणी लई मुखदुर्बळ. दुकानात मीठ आणायला पाठवलं तर मागायची लाज, तसंच हात हलवत परत यायचं. मी म्हणलं, हे चालणार न्हाई, आपल्या लोकायनं तोंड बंद ठेवलं की दुनिया अंगावरून चालत जाते. आमच्याकडं जयंतीला विहारापुढं माईक लावतात, लेकरं भाषणं करतात. पयल्या साली त्याला ढकलत नेलं, तर माईक धरून उभा ऱ्हायला आणि चड्डीत मुतला. लोक हसले. म्हणलं, हसू द्या, पुढल्या साली परत. पुढल्या साली चार ओळी म्हणला. आठवीत गेला तवर असा बोलायचा की म्हातारे हातातली बिडी इझवून ऐकायचे. मंग मोठा झाल्यावर ग्रामसभेत उभा ऱ्हायला, आमच्या वस्तीत नळ काहून येत न्हाई म्हणून. सरपंच म्हणले खाली बस, तर बसला न्हाई. सरपंच मला म्हणले, गयाबाई, पोराला आवरा. मी म्हणलं, नळ द्या, आपोआप आवरंल. नळ आला. अर्धा तास पाणी येतं, पण येतं. आता मला सांगा, बोलल्यानं काम होतं हे त्यानं काहून मानू नये?

आयटीआय केलं, वायरमन झाला, इथं काम मिळंना, मंग तिकडं गेला. वारंगा फाट्यावर मी त्याला गाडीत बसवलं. संग आलेल्या बाया रडून ऱ्हायल्या होत्या. मी रडले न्हाई. म्हणलं, नीट खात जा आणि कुणाचं ऐकून घेऊ नको. हे मीच म्हणलं, दुसऱ्या कुणी न्हाई.

पयलं साल बरं गेलं. रोज फोन, रोज भांडण. बीपीच्या गोळ्या घेतल्या का म्हणायचा, मी म्हणायचे न्हाई घेतल्या, की लागला भाषण द्यायला. मंग जयंती आली. आता आमच्या गावात अशी पद्धत पडली की जी पोरं बाहेर कामाला गेलीत, पुण्याला म्हणा, सुरतेला म्हणा, त्यायनी मोबाइलात बोलून पाठवायचं आणि ते माईकपाशी धरून सगळ्यायला ऐकवायचं. कुणी रडतं, कुणी नुसतं हॅलो हॅलो करतं, पण आयांला बरं वाटतं. माझ्या पोरानं दोन निरोप पाठवले. एक माझ्यासाठी, एक जयंतीसाठी. माझ्यासाठीच्या निरोपात म्हणला होता, आई, आमच्या खोलीतला एक माणूस उन्हात काम करता करता पडला आणि मेला, आणि कंपनीनं लिहिलं की झोपेत मेला. आमचे पासपोर्ट कंपनीनं ठेवून घेतलेत. इथं तिघं-चौघं बोलत बसले की मुकादम येऊन उभा राहतो. पण आपल्याला गप बसायचं कुणी शिकवलेलं न्हाई. असा बोलला होता, काय सांगू तुम्हाला. जयंतीचा ऐकला तर त्यात नुसत्या शुभेच्छा. मला तो फिक्का लागला.

मी माझ्यासाठीचा लावला.

कुणी सांगितलं न्हवतं, कुणी फसवलं न्हवतं. माझं पोरगं कसं बोलतं ते लोकायनी ऐकावं, एवढीच हौस. म्हणलं, समुद्रापल्याडचा देश, तिथं आपली बोली कोणाला कळती. लोकायनी टाळ्या वाजवल्या, अध्यक्ष म्हणले आजी, पोरगं वाघ हाय तुमचं. आणि पाच-सहा जणांनी मोबाइल वर धरून त्याचा व्हिडिओ केला. त्याला गाणं लावलं, पोराचा फोटो लावला, आणि दिला सोडून. तो फिरत फिरत तिकडंच गेला. त्या कंपनीत आपली बोली कळणारे लई निघाले. त्यातल्याच एकानं साहेबाला दाखवला.

पोराचा फोन बंद. एक दिवस, चार दिवस, आठ दिवस. मी हळदीच्या कामाला जात होते, हळद उकळून ऱ्हायले होते, बाया इचारायच्या आला का फोन, मी म्हणायचे तुमचं काम करा. मंग त्याच्या खोलीतल्या एकानं कळवलं, पोलिसांनी नेलंय.

हिंगोलीला गेले. एका हापिसातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. तिथं एक साहेब भेटला, माणूस चांगला होता, बस म्हणला, पाणी पाजलं. म्हणला, आजी, तिथं बाहेरून आलेल्या माणसाला कंपनीबद्दल, सरकारबद्दल असं बोलता येत न्हाई. मी म्हणलं, तो खोटं बोलला का? म्हणला, खऱ्याखोट्याचा सवाल न्हाई. मंग कशाचा हाय? म्हणला, बोलला त्याचा. मी म्हणलं, साहेब, दुसऱ्याच्या घरी पाहुणा गेला आणि छप्पर जळताना दिसलं तर पाहुण्यानं सांगू नये का? साहेबानं कागद पुढं सरकवला. अर्ज द्या म्हणला. अर्ज मी माझ्या हातानं लिहिला.

तीन हप्त्यांनी सोडलं. अर्जानं सोडलं का कशानं, मला ठाऊक न्हाई. परत कधी असं बोलणार न्हाई म्हणून कागदावर सही घेतली आणि त्याच कंपनीत कामाला लावलं, कराराची मुदत संपल्याबिगर पासपोर्ट देत न्हाईत. फोन आला. मी म्हणलं, मारलं का रे? म्हणला, इथं ऊन लई हाय आई. म्हणलं, मी तुझा निरोप लावला, चूक झाली माझी. म्हणला, जेवलीस का? तवापासून हेच. जेवलीस का, पाऊस हाय का, बरं ठेवतो. गोळ्या न्हाई घेतल्या म्हणलं तरी भांडत न्हाई. मी मुद्दाम म्हणून पाहिलं. घरात मी एकटी, दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेच एक, आणि तेबी आता असं बोलतं जसं काही बाजूला कुणी उभं हाय. असंलबी.

यंदा परत जयंती आली. त्यानं चार शब्दांच्या शुभेच्छा पाठवल्या, त्या लावल्या. मंग अध्यक्ष म्हणले, आजी, तुमी चार शब्द बोला. उभी ऱ्हायले. मनात लई होतं, सालभराचं होतं. पण पाहिलं तर पुढं सगळ्यायचे मोबाइल वर. मी म्हणलं, आधी हे मांडवाबाहेर ठेवून या, चपला काढल्यात ना, तिथं चपलांपाशी ठेवा, मंग बोलते. एक जण म्हणला, आजी, चोरी जाईल. मी म्हणलं, माझं पोरगं गेलं ते? लोक उठले, नेऊन ठेवले. पण पुढंच बसलेल्या दोघांचे खिसे मला फुगलेले दिसले. त्यायच्याकडं पाहिलं, त्यायनी खाली पाहिलं. मी माईक परत दिला आणि जाग्यावर येऊन बसले. मागून एक बाई म्हणली, म्हातारीचं डोकं फिरलं. फिरलं असंल.

रविवारी फोन आला. म्हणला, तू माईकपाशी उभी होतीस म्हणं? कुणीतरी कळवलं होतं त्याला. आवाज असा बारीक झाला होता. म्हणला, बोललीस का काही? म्हणलं, न्हाई बोलले. मंग म्हणला, बरं केलंस आई.

बरं केलंस. ज्याला मी ढकलत माईकपाशी नेलं त्यानं मला गप बसल्याची शाबासकी दिली. मी फोन ठेवला आणि भाकर खाल्ली, भूक काही थांबत न्हाई. आता मुदत संपायला साल ऱ्हायलं. येईल. वायरमन येईल हे पक्कं, बाकी त्यातलं काय काय येईल ते मी सांगू शकत न्हाई.

तुमचीबी लेकरं जिथं हायत तिथं सुखात राहू द्या ताई. आता हे लिहिलेलं एकदा पयल्यापासून वाचून दाखवा. जिथं त्याच्यावर येईल असं वाटंल तिथं काट मारायची. पेन द्या इकडं, मीच मारते.