एकशे तीन

...आणि हे सगळे मलाच विचारतात, "काय ओरेस्ट, ठरलं का?" अहो, ठरलं का म्हणजे काय? लग्न आहे का कुणाचं घरात? मीटर आहे तो! तारेत वीज आहे की नाही, असली तर किती, ते सांगणारा, हातात मावेल एवढा, पिवळ्या रंगाचा... म्हणजे एके काळी पिवळ्या, आता त्याचा रंग माझ्या दातांसारखा झालाय... एकतीस वर्षं माझ्या कमरेला लटकतोय! आणि अख्ख्या गावाला तुम्हाला सांगतो, दुसरा विषयच नाही. गव्हाचा भाव राहिला बाजूला, थंडी उणे चौतीस झालीय ती राहिली बाजूला, ओरेस्टचा मीटर दुरुस्त करायचा की बदलायचा?

झालं काय, आमच्या धंद्यात एक शिस्त असते. तारेला हात लावायच्या आधी मीटर लावायचा, आणि तारेला मीटर लावायच्या आधी मीटरचीच परीक्षा घ्यायची. म्हणजे जिथे वीज शंभर टक्के आहे अशा खात्रीच्या ठिकाणी तो लावून बघायचा, एकशे वीस व्होल्ट दाखवतोय ना, आमच्याकडे घरात तेवढेच असतात, मग शाबास, चल कामावर. ही शिस्त मला लावली सासरेबुवांनी. तेही वायरमन. हा मीटर त्यांनीच दिला, लग्नात! लोक जावयाला काय काय देतात, यांनी चर्चच्या दारात मीटर हातात ठेवला आणि म्हणाले, "पोरगी तर दिलीच आहे, पण जिवंत राहायचं असेल तर हा सांभाळ. हा तुझ्याशी कधी खोटं बोलणार नाही." पोरीबद्दल तसं काही बोलले नाहीत, हेही तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं, पण उशीर झाला होता.

तर खात्रीचं ठिकाण. माझं खात्रीचं ठिकाण म्हणजे माझ्या गॅरेजमधलं सॉकेट. मी स्वतः बसवलेलं! सकाळी बूट चढवायचे, गॅरेजात जायचं, सॉकेटला मीटर लावायचा, एकशे वीस, की निघालो. एकतीस वर्षं. आणि या हिवाळ्यात बेटा दाखवायला लागला एकशे सतरा. म्हटलं असेल, थंडी आहे. मग एकशे चौदा. म्हटलं थंडी वाढलीय. मग एका बुधवारी... एकशे तीन!

एकशे तीन! अहो, मला घाम फुटला हो, उणे चौतीसमध्ये! कारण आज हा एकशे वीसचे एकशे तीन दाखवतोय, उद्या दोनशे चाळीसचं शून्य दाखवेल, मी बिनधास्त हात घालीन, आणि तुम्ही सगळे चर्चच्या तळघरात माझ्या मयतीचं जेवण म्हणून कोबीचे रोल खात बसाल! मीटरची बॅटरी बदलली. वायरी बदलल्या. एकशे तीन. फुंकर मारली. तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं धंदा करून मी मीटरला फुंकर मारली! एकशे तीन.

आणि तेवढ्यात दारात व्हर्ना. बायको माझी. म्हणाली, "काय झालं?" आता 'काही नाही' म्हणायला काय जात होतं माझं? पण मी बोलून बसलो, "मीटर खोटं बोलतोय." झालं! "शनिवारी तू त्या कर्लिंगच्या बर्फाच्या रिंकवर विजेचं मोठं पॅनल उघडणार आहेस ना? या खोटारड्याला घेऊन? हे बघ ओरेस्ट, बाबांनी दिलाय, मलाही माया आहे, पण या डब्यापायी मी विधवा होणार नाही. शनिवारच्या आत ठरव. नाहीतर मीच त्याला कचऱ्यात टाकते." आणि जाता जाता, "आणि या गॅरेजातल्या फ्रीझरचा दिवा मंद झालाय, बघ म्हणून दोन हिवाळे सांगतेय, तोही बघ!" आता इथे माणसाचा मीटर मरायला टेकलाय आणि हिला फ्रीझरचा दिवा सुचतोय!

मग मी गेलो बर्निसच्या कॅफेत. रोज सकाळी आमचं टेबल असतं तिथे. मी, मेट्रो म्हणजे तो रिटायर झालेला शेतकरी, आणि लाइल, धान्याच्या कोठारावर होता तो. मीटर ठेवला टेबलावर मधोमध. दोघांनी टोप्याच काढल्या! मेट्रो म्हणाला, "दुरुस्त कर. माझा ट्रॅक्टर साठ वर्षांचा आहे, अजून चालतो." लाइल म्हणाला, "चालतो? गेल्या सुगीत तुला तो ढकलताना आम्ही सगळ्यांनी बघितलंय! ओरेस्ट, बदल. दुरुस्त केलेला मीटर आणि सुधारलेला दारुडा, दोघांवर नजर ठेवावी लागते." मेट्रो म्हणाला, "दारुडा कुणाला म्हणतोस?" म्हटलं बाबांनो, मीटरचं बोला!

तेव्हा बर्निस काउंटरमागून म्हणाली, "इथे लाव की. माझ्या सॉकेटला." लावला. एकशे एकोणीस!

आता तुम्ही म्हणाल, मग सुटलास की. कसला सुटलो! अहो, कायमचा बिघडलेला मीटर परवडला, हा अधूनमधून बिघडणारा! घरात एक आकडा आणि बाहेर एक! बर्निस म्हणाली, "घरात एक आणि बाहेर एक, म्हणजे नवराच की." आणि ते दोघं कॉफी नाकातून येईपर्यंत हसले.

मी विनिपेगला फोन लावला, जिथे मीटर तपासून देतात. तिथली बाई अशी गोड, अशी गोड, "हो हो, पाठवा ना, तीन आठवडे लागतील, कुठलं मॉडेल म्हणालात?" मी सांगितलं. तिने कुणाला तरी हाक मारली, "अगं, इकडे ये, यांच्याकडे तो अजून चालू आहे!" मग परत माझ्याशी, अगदी हळू आवाजात, डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात ना तसं, "तुम्ही... त्याच्याशी फार जोडलेले आहात का?" ठेवला फोन! तीन आठवडे म्हणे! शनिवार तीन दिवसांवर! आता सांगा, दुरुस्त करायचा की बदलायचा?

शेवटी फासा. आमच्या टेबलावर कॉफीचे पैसे कुणी द्यायचे ते रोज फाशावर ठरतं, म्हटलं हेही ठरू दे. सम आला तर दुरुस्त, विषम आला तर बदल. टाकला. विषम. म्हटलं, एकदाच थोडी असतं, तीनातले दोन! टाकला. विषम. म्हटलं, पाचातले तीन! विषम. बर्निस म्हणाली, "ओरेस्ट, आता फासा दुरुस्त करायचा की बदलायचा?"

जड मनाने गेलो हार्डवेअरच्या दुकानात. गॉर्डनने नवा काढून दिला. काळा, चकचकीत, आकडे एवढे मोठे की शेजाऱ्याला दिसावेत. घरी आणला, गॅरेजमध्ये गेलो, सॉकेटला लावला...

एकशे तीन.

गेलो परत तरातरा! "गॉर्डन, हा बिघडलेला आहे!" त्याने दुकानात लावला, एकशे वीस. मी म्हटलं, "बघ, हाही तसलाच, घरात एक आणि बाहेर एक!" गॉर्डन गरीब माणूस, त्याने आणखी एक दिला, म्हणाला दोन्ही लावून बघ. घरी. गॅरेज. सॉकेट. एकशे तीन! अहो, हल्ली काही धड बनवतात का हो? फ्रीझरच्या झाकणावर तिन्ही मीटर ओळीने मांडले, तिघांच्या वायरी आळीपाळीने खुपसल्या, जुना एकशे तीन, नवा एकशे तीन, त्याच्याहून नवा एकशे तीन. म्हटलं, तिघंही चोर! मिळालेत आतून एकमेकांना!

तेवढ्यात व्हर्ना आली पेरोही, म्हणजे आमच्या बटाटा भरलेल्या करंज्या, काढायला. फ्रीझर उघडायचा होता तिला, आणि झाकणावर माझी ही पंचायत बसलेली. तिने एकेका मीटरकडे बघितलं. मग माझ्याकडे. म्हणाली, "ओरेस्ट, तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगताहेत, आणि चौथा म्हणतोय तिघंही खोटं बोलताहेत. कोर्टात असतं तर कुणाला आत टाकलं असतं?"

मी म्हटलं, "अगं पण हे सॉकेट मी बसवलंय!"

ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी."

तुम्हाला सांगतो... नाही, हे सांगायला पण जीभ अडते. मेन स्विच पाडला, सॉकेटचं झाकण उघडलं. आत तारांचा जोड सैल होऊन काळा पडलेला! कडेचं लाकूड तपकिरी झालेलं! त्याच जोडावर फ्रीझर, आणि त्याच जोडावर ट्रक. थंडीत इंजिन गोठू नये म्हणून ट्रकचा हीटर रात्रभर भिंतीत खोचलेला असतो ना, तोही सगळा भार त्या सैल जोडावर. म्हणून दिवा मंद! दोन हिवाळे! सगळ्या गावाच्या वायरी मी तपासतो, लोकांना दटावतो, आणि माझंच घर पेटायला निघालेलं, आणि ते बिचारं म्हातारं पिवळं डबडं रोज सकाळी मला सांगत होतं, अरे एकशे सतरा, अरे एकशे चौदा, अरे बाबा एकशे तीन! आणि मी त्याच्या तोंडावर फुंकर मारत होतो!

नवा जोड केला, घट्ट आवळला, मेन चालू केला, ट्रक जोडला, फ्रीझर जोडला. सासरेबुवांचा मीटर लावला. एकशे वीस! मी नाचलो! गॅरेजमध्ये, हिवाळी बूट घालून नाचलो, मीटरचा मुका घेतला, व्हर्नाचा घेतला, फ्रीझर उघडून दिवा बघितला, काय लख्ख! पेरोही न्हाऊन निघाली होती उजेडात! शनिवारी तोच मीटर घेऊन रिंकवर गेलो, पॅनल उघडलं, काम चोख केलं, संध्याकाळी सामने झाले आणि एकही दिवा लुकलुकला नाही. म्हटलं, सासरेबुवा, खोटं बोलला नाही हो तुमचा!

सुखाचा शेवट, नाही का? अहो, शेवट कसला! नव्यांपैकी एक गॉर्डनने परत घेतला, दुसरा घेतला व्हर्नाने. स्वतःसाठी! आता ती तो गळ्यात अडकवून घरभर फिरते. न्हाणीघराचं सॉकेट, तळघराचं सॉकेट, पोर्चमधली घंटा... ती घंटा मी लावलेली, अकरा वर्षांपूर्वी, 'उद्या जोडतो' म्हणून! फ्रिजवर यादी चिकटलीय, एकेचाळीस कामं, आणि वर मथळा, 'खात्रीचं ठिकाण'!

आणि परवा ती आली थेट आमच्या कॉफीच्या टेबलावर, यादी घेऊन, मेट्रो आणि लाइलला वाचून दाखवायला. सगळी एकेचाळीस. मेट्रोने डोळे पुसले हसून हसून, आणि विचारलं, "मग व्हर्ना, याचं काय? दुरुस्त करायचा की बदलायचा?"

तिने फासा उचलला! विचार नाही, काही नाही, उचलला! टाकला. विषम. म्हणजे बदल! लाइलने टेबल बडवलं. आणि व्हर्नाने, तुम्हाला सांगतो, जराशी माझ्याकडे बघून म्हटलं, "एकदाच थोडी असतं. तीनातले दोन." अहो, एकतीस वर्षांत यापेक्षा गोड कुणी माझ्याबद्दल बोललेलं नाही! टाकला. सम! आता तिसरा. सगळं कॅफे उठून उभं, तिने मुठीत खुळखुळवला, टाकला, आणि तो गडगडत टेबलावरून खाली, फरशीवरून पलीकडे, थेट बर्निसच्या केक ठेवायच्या कपाटाखाली गडप!

बर्निस म्हणाली, कपाट फार जड आहे, बर्फ वितळल्यावर साफसफाईला हलवते, तेव्हा बघू काय पडलंय ते.

मी व्हर्नाला विचारलं, "आणि तोवर?"

तिने कोट चढवला, मीटर गळ्यात टाकला, म्हणाली, "तोवर आहे तसा वापरते. चल, घंटा जोडायचीय."