हॉलमधला तंबू

अगं ऐक, फोन ठेवू नकोस, आत्ता काय झालं ते आधी ऐक! आणि आवाज असा दबका का येतोय विचारू नकोस, मी टेंटमध्ये आहे... नाही गं, डोंगरात कुठली, हॉलमध्ये! आमच्या हॉलमध्ये! सोफा उभा करून भिंतीला टेकवलाय, टीपॉय गॅलरीत गेलाय, मधोमध आपला टेंट, त्यात मी, आणि चेन अडकलीय! थांब, पहिल्यापासून सांगते.

आपलं ठरलं काय होतं? तू, मी, तुझी लाल गाडी, डोंगरातले आडरस्ते, ते वरचं तळं, दोन गळ, एक टेंट, आणि चार दिवस कोणी एक अक्षर बोलायचं नाही, मासा लागला तरी नाही! बरोबर? चष्म्याच्या दुकानात दोन वर्षं मी लोकांना विचारतेय, "पहिलं स्पष्ट दिसतंय की दुसरं? पहिलं की दुसरं?" झोपेतसुद्धा विचारते! दोन वर्षांनी मालकांनी चार दिवस रजा दिली, ती पण अशा तोंडानं, जणू स्वतःची किडनी देतायत. मी काल जेवताना फक्त म्हटलं, "शुक्रवारी आम्ही दोघी मासे धरायला चाललोय." बस्स! एवढंच वाक्य!

आई म्हणाली, "दोघीच?" अगं त्या 'दोघीच'मध्ये बिबट्या होता, दरड होती, पंक्चर होतं, परतीच्या वाटेवरची सर्दी होती! आणि बाबांनी घास खाली ठेवला. आता बाबा म्हणजे तुला माहितीये, तीस वर्षं रस्ते खात्यात, त्याच डोंगरात. "कुठल्या रस्त्यानं?" म्हणाले. मी फोनवरचा नकाशा दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून बघितला त्यांनी, आणि म्हणतात, "हा फोन त्या रस्त्यावर कधी गेलाय का? मी तिथे खडी टाकलीय. मीच येतो." मी काय म्हणणार होते? म्हटलं, बरं.

झालं! बाबा येणार म्हणजे बाबांच्या गोळ्या येणार, गोळ्या येणार म्हणजे त्या देणारी आई येणार. "तुमचं काय, तुम्ही बिस्किटावर राहाल, यांना वेळेवर जेवण लागतं!" म्हणून आईनं काय काढलं माहितीये? मिक्सर! मी म्हटलं, "आई, तिथे प्लग कुठे लावणार?" तर म्हणते, "कोणाच्या तरी घरी लावू, माणसं असतीलच की!" अगं माणसं नसावीत म्हणूनच तर चाललो होतो ना! पण ती इतकी उत्साहात भांडी पुसत होती... मी म्हटलं, बरं.

मग दादा. दादाला घाटात गाडी लागते. पहिल्या वळणाला पिवळा, दुसऱ्याला हिरवा, तिसऱ्याला गाडी थांबवा! मग हा का येतोय? तर स्वतः चालवताना लागत नाही त्याला. म्हणून गाडी तो चालवणार. हो, तुझी गाडी! रागावू नकोस ना... बाबा पुढे, दादा स्टिअरिंगवर, मागे आई खिडकीशी, मी दुसऱ्या खिडकीशी, आणि तू मध्ये. तुझ्या मांडीवर मिक्सर. मी म्हणणार होते गं काहीतरी! पण दादा म्हणाला, "ठरलं मग!" आणि तोंडातून निघालं काय? बरं!

आणि आज सकाळी बाबा म्हणतात, "ट्रायल घेऊ. रोलर फिरवून बघितल्याशिवाय मी एक फर्लांग रस्ता उघडला नाही आयुष्यात." म्हणून हा टेंट! वारा म्हणून टेबलफॅन लावला, पाऊस म्हणून झारीनं पाणी मारलं, वरून! गळाची ट्रायल गॅलरीतून. दादानं असा काही गळ फेकला, खालच्या मजल्यावरच्या काकूंचा टॉवेल लागला, तोही ओला. काकू खालून ओरडतात, "कोणाचा दोरा हा?" आणि हा वरून रीळ गुंडाळतोय! आमची पहिली शिकार!

पण खरी गंमत पुढे आहे. बाबांनी कॅलेंडरचं पान उलटं करून रस्ता काढला. काय सुंदर काढलाय, एक एक वळण! आणि त्यावर चौदा फुल्या. म्हटलं चौदा तळी? नाही! चौदा मोऱ्या! रस्त्याखालून पाणी जायला त्यांनी बांधलेल्या! प्रत्येक मोरीपाशी उतरायचं, वाकून आत बघायचं, दहा मिनिटं. मी विचारलं, "बाबा, आणि तळं?" तर म्हणतात, "बघू, वेळ उरला तर. मासे काय, कुठेही मिळतात. अशी मोरी कुठे मिळेल?"

म्हटलं आता बोलायचं! आता नाही तर कधीच नाही! तोंड उघडलं, आणि बाबा म्हणाले, "रिटायर झाल्यापासून पाच वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी रस्ता विचारला बघ मला." अगं मी विचारलाच नव्हता! पण ते पेन्सिल कानामागे खोचून इतके हळू बोलले ना... तूच सांग, काय म्हणतेस त्याच्यावर?

बरं म्हटलं मी. आणि "आत जागा किती आहे बघते" म्हणून टेंटमध्ये शिरले, चेन लावली, आणि... अडकली.

बाहेर एकच गोंधळ! दादा म्हणतो, "कापू का?" आई म्हणते, "खबरदार कापलास तर! मेणबत्ती घास." बाबा म्हणतात, "वरून जोर देऊ नका, तेल लागेल. मी बघतो कुठलं ते." दादा तेल आणायला खाली गेलाय, बाबा गॅलरीत उजेडात पंधरावी फुली मारतायत. आणि मी इथे आडवी. शांत आहे गं इथे. कापडातून ऊन हिरवं येतंय. कोणी काही विचारत नाहीये. ना पहिलं, ना दुसरं.

आता तुला खरं सांगते, कोणाला बोलू नकोस. चेन अडकलेली नाहीये. मऊ लोण्यासारखी चालते. आयुष्यात पहिल्यांदा मी 'बरं' म्हटलं नाही, म्हटलं, "बाहेर येता येत नाही!"

तर मगाशी, तुला फोन लावायच्या जरा आधी, जाळीशी आई आली. अगदी कुजबुजत, "खरंच अडकलीय का गं?" आणि लगेच म्हणते, "मला आत घे. त्या चौदाच्या चौदा मोऱ्या मी बघितल्यात. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात. वाकून."

आता टेंट दोघींचाच आहे. तुझा नि माझा. दोघींचाच गं! पण म्हटलं... बरं. अर्धी चेन उघडली, ती आत आली, मी परत लावली. आता माझ्या शेजारी पाय पसरून पडलीय, मिक्सरचं झाकण उशाला घेऊन. तेवढ्यात बाबांनी गॅलरीतून विचारलं, "सुटली का चेन?" आणि आम्ही दोघी एका सुरात, "नाही!"

तू असतीस तर काय केलं असतंस गं? नाही, सांग ना... आणि जरा हळू बोल, आई झोपलीय.