लाल गोलातलं पान

उज्वला : नाक धरा, झाकण उघडते. आठवडाभर कुजलीत ही केळी. बाल्कनीत ठेवली तरी शेजारच्या लताबाई विचारत होत्या, तुमच्याकडे उंदीर मेलाय का म्हणून.

सोमनाथ : मग काय सांगितलंस?

उज्वला : म्हटलं, आमच्या ह्यांचे पाहुणे यायचेत, त्यांच्या जेवणाची तयारी हाय.

सोमनाथ : खोटं नाही काही. गूळ घातलास ना? फास त्या सागाच्या खोडाला. तुझ्या खांद्याएवढ्या उंचीवर.

उज्वला : फासलं. शी! बोटांचा वास दोन दिवस जायचा नाय. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये जन्म काढला तुम्ही, आणि रिटायर झाल्यावर ही असली ड्युटी मला. या, इथं दगडावर बसा. पुढं खड्डा हाय, सांभाळून.

सोमनाथ : खड्डा दिसतो मला. सरळ बघितलं की जातो, कडेनं बघितलं की दिसतो. मधोमध तेवढा डाग आहे. टीव्हीच्या काचेवर कोणी तेलकट अंगठा पुसावा तसा.

उज्वला : माहीत हाय. डॉक्टरांनी मलाच समजावलं. तुम्ही तर रागानं बाहेर जाऊन बसला होतात.

सोमनाथ : कॅमेरा गळ्यात घातलास?

उज्वला : घातलाय. पट्टा काचतो मानेला.

सोमनाथ : आजचा दिवस सोस. उद्या दादाचा बंटी येतोय न्यायला.

उज्वला : काय न्यायला?

सोमनाथ : कॅमेरा. लग्नाच्या फोटोंच्या ऑर्डरी घेतो तो आता. त्याच्या तरी उपयोगी पडेल.

उज्वला : आणि मला आत्ता सांगताय? जंगलात आणून? अहो, तुम्हीच म्हणाला होतात ना, माझे डोळे गेले तर तू बघ म्हणून? हे बटण कुठलं, ते बटण कुठलं, सगळं शिकले मी. गुडघे दुखत असताना झुडपात बसले. आणि आता बंटीला?

सोमनाथ : डोळ्यांमुळे देत नाहीये.

उज्वला : मग?

सोमनाथ : हर्सूलच्या त्या पानामुळे.

उज्वला : कुठलं पान?

सोमनाथ : मागच्या महिन्यात तू ज्याचा फोटो काढलास ते. बसलंय, काढलं, म्हणालीस. आपलं ब्लू ओकलीफ फुलपाखरू. पंख उघडले की निळं, वर फिकट निळा पट्टा. मिटले की वाळकं पान, देठासकट.

उज्वला : पाठ हाय मला ते.

सोमनाथ : तो फोटो मी तेजललाही पाठवला. तुझ्या आईनं काढला म्हणून, मोठ्या कौतुकानं. परवा तिचा फोन आला. म्हणाली, पप्पा, मी मोठा करून बघितला. याला पाय कुठे आहेत?

उज्वला : ती पहिल्यापासून आगाऊ हाय.

सोमनाथ : उज्वला.

उज्वला : तुमच्या फुलपाखरांच्या ग्रुपवर तर सगळे वा वा करत होते. त्या मल्हारी सरांनी लाल गोल काढून दाखवलं नव्हतं का, हे डोकं, ह्या मिशा?

सोमनाथ : दाखवणारच. ते पानासारखं दिसतं हे सगळ्यांना माहीत. मग समोर पान आलं तर हे नुसतं पान आहे असं म्हणायची कोणाची छाती होणार? ज्याला फुलपाखरू दिसलं नाही तो नवशिका. अख्ख्या ग्रुपनं मिळून एका वाळक्या पानाचं अभिनंदन केलं, आणि मी प्रत्येकाला हात जोडून थँक्यू म्हटलं.

उज्वला : हसताय का रागावलाय, कळू द्या.

सोमनाथ : आधी हसलो. पुष्कळ हसलो. मग वाटलं, हिला विचारावं. काढताना माहीत होतं तुला?

उज्वला : होतं.

सोमनाथ : हं.

उज्वला : सकाळपासून उन्हात बसला होतात तुम्ही. शर्ट ओलाचिंब. घडीघडी विचारायचात, दिसलं का, आलं का. मला तुमचं तोंड बघवेना हो. म्हटलं, एका फोटोनं माणूस दोन घास नीट जेवला तर बिघडलं कुठं? आणि जेवलात त्या दिवशी. गाडीत शीळ घालत होतात.

सोमनाथ : त्याचंच वाईट वाटतंय. अगं, मी आता सगळं तुझ्या डोळ्यांनी बघतो. गोळी पांढरी का पिवळी, समोरचा माणूस हसतोय का नाही, सगळं. काल पंचवटीत तू म्हणालीस, चला, सिग्नल सुटला. माझा पाय उचलेना. बंद पडलेल्या मीटरची मला कधी भीती वाटली नाही, बंद आहे हे कळतं तरी. पण आत काहीही होवो, बाहेर सगळं ठीक दाखवत राहतो, त्या मीटरची वाटायची.

उज्वला : मी मीटर नाय, माणूस हाय. माया आली की तोंडातून निघून जातं काहीबाही.

सोमनाथ : मला माया नको. म्हणजे, हवी आहे. पण ती जेवताना वाढ. बाहेर आलो की दिसेल तेवढंच सांग.

उज्वला : चुकलं माझं. पण कॅमेरा देऊ नका. मलाबी लय गोडी लागलीय ह्याची. चांदवडला माहेरी कांदे निवडायला बसायचो, तेव्हापासून मला असं एका जागी, एका गोष्टीकडे बघत, कुणी बसू दिलं नव्हतं.

सोमनाथ : गप्प. हलू नकोस.

उज्वला : काय झालं?

सोमनाथ : उजवीकडून काहीतरी निळं गेलं. डोळ्याच्या कोपऱ्यात लागलं मला. केळ्यापाशी घोटाळलं आणि खाली उतरलं.

उज्वला : मला नाय दिसलं.

सोमनाथ : उडताना मी बघतो, बसलं की तू बघ. खाली काय आहे तिथे?

उज्वला : करवंदाची जाळी. त्यात वाळकी पानं अडकलीत, ढीगभर.

सोमनाथ : निळं कुठे?

उज्वला : कुठंच नाय. पानंच पानं.

सोमनाथ : पंख मिटून बसलं असेल. सावली पाडू नकोस त्याच्यावर. एकेका काडीचा फोटो घे, मग मोठे करून बघ.

(बराच वेळ नुसती कॅमेऱ्याची खटखट.)

उज्वला : पुष्कळ काढले. आता इथं सावलीत बसून बघते. हे पान. हेबी पान. हा फोटो हललाय. हे पान.

सोमनाथ : घाई करू नकोस.

उज्वला : हे पान... थांबा. ह्याच्या पुढं दोऱ्यासारखं काहीतरी हाय. अहो, मिशा हायेत ह्या!

सोमनाथ : मिशा मल्हारी सरांनाही दिसल्या होत्या.

उज्वला : असं नका ना बोलू.

सोमनाथ : पाय आहेत?

उज्वला : मोठं करते. हायेत. काडी धरलीय बघा कशी घट्ट.

सोमनाथ : किती?

उज्वला : चष्मा पुसू द्या... चार.

सोमनाथ : नीट मोज.

उज्वला : दोनदा मोजले. चारच दिसतात. दोन तुटले असतील बिचाऱ्याचे, नायतर पलीकडं लपले असतील. तुम्ही म्हणाल परत फसवते, पण मी काय करू, मला चारच दिसतायत. अहो, बोला की. रागावलात?

सोमनाथ : चारच दिसायला हवेत.

उज्वला : म्हणजे?

सोमनाथ : त्या घराण्याची सगळी फुलपाखरं चार पायांवर बसतात. पुढचे दोन आखूड, छातीशी दुमडलेले. मी तुला कधी सांगितलं होतं का हे?

उज्वला : नाय.

सोमनाथ : तेजलनं?

उज्वला : तिला कुठलं माहीत? काय झालंय तुम्हाला? डोळे का पुसताय?

सोमनाथ : घाम आहे. बंटीला फोन लाव. येऊ नकोस म्हणावं.

उज्वला : लावते. पण आधी एक सांगू? शाळेत शिकवलं होतं, किड्याला सहा पाय. तुम्ही किती म्हणून विचारलंत ना, तेव्हा सहा अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. म्हटलं, सहा सांगितले की ह्यांची खात्री पटेल.

सोमनाथ : मग का नाही सांगितलेस?

उज्वला : दिसले चारच.